सील बदलायचं की कारण शोधायचं?

मालक : मिस्त्री, मागच्या डाव्या जोडीच्या आतून तेल येतंय. टायरवर काळे ओघळ आहेत आणि ड्रमच्या खालच्या कडेला थेंब लटकलेला दिसतो. सील गेलंय, एवढं मलाही कळतं. हेच सील मागे दुसऱ्या एका गॅरेजात बदललं होतं. ते पुन्हा गेलं याचं मला फार आश्चर्य वाटत नाही, कारण गाडी जुनी आहे आणि जुन्या गाडीचं रबर टिकत नाही. सील काही शे रुपयांचं, हब खोलून बांधायची मजुरी वेगळी. उद्या वाळूजच्या एमआयडीसीतून माल भरायचा आहे. म्हणून माझं म्हणणं साधं आहे : जुनं सील काढा, नवं बसवा, हब बांधा, गाडी सोडा. पुन्हा गळलं तर पुन्हा बदलू. टायर झिजला की आपण टायर बदलतो, रस्त्याची चौकशी करत बसत नाही. सीललाही तोच न्याय लावा.

मिस्त्री : टायर सगळीकडून सारखा झिजला तर हा न्याय ठीक आहे, मालक. पण एकाच कडेने झिजला तर तुम्ही स्वतःच म्हणता, अलाइनमेंट बघा, किंगपिन बघा. इथे डाव्या चाकाचं सील पुन्हा पुन्हा जातं आणि उजव्या बाजूचं कोरडं राहतं. गाडी तीच, तेल तेच, रस्ताही तोच. मग दोष रबराच्या वयाचा कसा म्हणायचा? सील सहसा पहिलं बिघडत नाही. त्याच्या शेजारी आधी काहीतरी बिघडलेलं असतं.

शिवाय बाहेर येतंय ते नेमकं काय, हे आधी ठरवू द्या. गिअर तेलाला गंधकाचा उग्र वास येतो, कारण दातांवरचा दाब सोसण्यासाठी त्यात गंधकाची द्रव्यं मिसळलेली असतात. वितळलेल्या ग्रीसला तो वास नसतो. अनेक जुन्या ट्रकांत मागच्या चाकाला दोन अडथळे असतात. एक सील डिफरन्शियलचं पातळ तेल हबमध्ये येऊ देत नाही आणि दुसरं हबमधलं ग्रीस ड्रममध्ये जाऊ देत नाही. पहिलं गेलं की पातळ तेल हबमध्ये शिरतं, बेअरिंगवरचं ग्रीस धुऊन काढतं आणि मग दुसऱ्या सीलवर येऊन थडकतं. बाहेरून आपल्याला दुसरं सील गळताना दिसतं. तेवढंच बदललं तर मूळ गळती आत तशीच राहते. मागच्या वेळी असंच झालं असेल, असं मी म्हणत नाही. पण झालं नसेल, हे न बघता म्हणता येणार नाही.

मालक : मला भीती आहे ती याचीच. खोललं की काम वाढतं. सील बघायला हब काढला की बेअरिंग दिसतं, बेअरिंग बघितलं की सील जिच्यावर बसतं ती कॉलर दिसते, कॉलरवरून हाउजिंगवर जाता आणि संध्याकाळपर्यंत अर्धी गाडी जमिनीवर येते. हे सगळं इतकी वर्षं आपापल्या जागी बसून चाललंय ना? हात लावला की जे चालत होतं तेही बिघडतं, असं मी पुष्कळदा पाहिलंय.

आणि ही गाडी कुठल्या धंद्यात आहे ते लक्षात घ्या. नवे ट्रक मोठ्या ट्रान्सपोर्टरकडे जातात, लांबच्या पल्ल्यावर धावतात. काही वर्षांनी ते विकले जातात, मग पुन्हा विकले जातात, आणि तिसऱ्या-चौथ्या हाताला माझ्यासारख्याकडे येतात. मी पाचोडहून मोसंबी उचलतो, कन्नड-फुलंब्रीकडून अद्रक, जालन्याहून सळई. मोठ्या ट्रान्सपोर्टरची एक गाडी गॅरेजात गेली तर दुसरी जाते. माझ्याकडे दुसरी नाही. गाडी थांबली तरी हप्ता, विमा आणि ड्रायव्हरचा पगार थांबत नाही. तुम्ही तपासाला एक दिवस मागता, तो दिवस माझ्या खिशातून जातो. तुमच्या पुस्तकात त्या दिवसाची किंमत लिहिलेली नसते.

मिस्त्री : दिवसाची किंमत मला मान्य आहे. म्हणूनच तपास स्वस्त गोष्टीपासून सुरू करायचा आणि महाग गोष्टीकडे जायचं. पहिली तपासणी फुकट आहे, तिला चाकही काढावं लागत नाही. अ‍ॅक्सलच्या हाउजिंगवर एक छोटा ब्रीदर असतो. गाडी चालली की आतलं तेल तापतं, त्याबरोबर आतली हवा तापून फुगते आणि ती ब्रीदरमधून बाहेर पडते. आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल तिथे बसून वाळला की तोंड बंद होतं. मग फुगलेल्या हवेला वाट उरते ती सीलच्या कडेची, आणि जाताना ती तेल घेऊन जाते. ब्रीदर बंद असताना तुम्ही कितीही भारी सील बसवा, ते गळणार.

दुसरी तपासणी तेलाच्या पातळीची. गाडी सपाट जागी उभी करून भरायचा प्लग काढायचा. तेल भोकाच्या कडेपर्यंत असावं, त्याहून वर नको. गळतंय म्हणून ड्रायव्हर दर खेपेला नव्वद नंबरचं गिअर तेल ओततो, कधी गाडी उतारावर उभी असताना ओततो, आणि जास्तीचं तेल नळीतून चाकाकडे धावतं. तिसरी तपासणी हाताने होते. मागचं चाक जॅकवर घ्यायचं, घोडी लावायची, पुढच्या चाकांना ठोकळे लावायचे आणि चाक वर-खाली हलवून बघायचं. खडखड जाणवली तर बेअरिंग ढिलं आहे. या तिन्ही गोष्टींना मिळून चहा थंड व्हायच्या आत उत्तर मिळतं.

मालक : बरं, समजा ब्रीदर बंदच निघाला. मग तो साफ करा, सील बदला, काम संपलं. कारणही सापडलं आणि दिवसही वाचला. त्यापुढे तुम्ही का जाता? तुम्ही कॉलरवर नख फिरवून बघता, बोटाने चाचपता, मान हलवता. मला वाटतं, इथे कारागिराचा अभिमान बोलतो. गाडीला तेवढी नजाकत लागत नाही. ती माल ओढणारी गाडी आहे. तिच्यावर सिमेंट चढतं, खत चढतं, सळई चढते. रबराची एक रिंग लोखंडावर घट्ट बसली की झालं.

मिस्त्री : रबर लोखंडावर घट्ट बसतं म्हणून तेल थांबतं, हा समजच चुकीचा आहे. तसं असतं तर सील जालन्यापर्यंतही टिकलं नसतं. हिशेब करून बघा. तुमच्या मागच्या टायरचा घेर साधारण 3.2 मीटर. म्हणजे किलोमीटरला 300 हून जास्त फेरे, आणि जालना ते इथपर्यंतच्या साठेक किलोमीटरमध्ये 19,000 च्या आसपास. कोरडं रबर इतके फेरे घासलं तर जळून जाईल. खरं काय होतं ते असं : सीलच्या ओठाखाली तेलाचा एक पापुद्रा असतो, साधारण एका मायक्रॉनच्या जाडीचा. ओठ त्या पापुद्र्यावर तरंगतो. ओठाच्या दोन बाजूंचे उतार मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात, त्यामुळे फिरताना तो पापुद्र्यातलं तेल सतत आत ढकलत राहतो. नीट बसवलेलं सील म्हणजे एक बारीक पंप आहे. उलटं बसवलं तर तोच पंप तेल बाहेर फेकतो. कोरडं बसवलं, ओठाला तेल-ग्रीस लावलं नाही, तर पहिल्या काही किलोमीटरमध्येच ओठ भाजतो.

पूर्वी हे सील चामड्याचं असायचं. जर्मनीत फ्रॉयडेनबर्ग ही मूळची कातडी कमावणारी कंपनी. 1930 च्या दशकात तिने धातूच्या कड्यात बसवलेलं, स्प्रिंगने आवळलेलं सील बाजारात आणलं आणि पुढे चामड्याच्या जागी कृत्रिम रबर आलं. आज तुमच्या हबमध्ये आहे ते त्याच घराण्यातलं. तेव्हापासून सील सुधारत गेलं, पण एक अट बदलली नाही : ओठ ज्या कॉलरवर बसतो ती गुळगुळीत, कडक आणि गोल हवी. कॉलरवर नख अडकेल एवढी खाच पडली असेल तर नव्या सीलचा ओठ त्याच खाचेत बसतो आणि नवं सील पहिल्या दिवसापासून जुनं होतं. मी नख फिरवतो ते एवढ्यासाठी.

मालक : मग कॉलर लेथवर घासून घेऊ. मागच्या वेळी तेच केलं होतं. शंभर दुकानं आहेत, अर्ध्या तासात काम होतं. चकचकीत करून दिली होती.

मिस्त्री : हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं, कारण डावीकडचं गळतं आणि उजवीकडचं गळत नाही याचं उत्तर कदाचित इथेच आहे. लेथवर हत्यार एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातं आणि कॉलरवर बारीक सर्पिल रेघ उमटवतं. डोळ्याला चकाकी दिसते, पण ती रेघ म्हणजे आटेच असतात. चाक फिरलं की आटे तेल एका दिशेला ओढतात. डावीकडचं आणि उजवीकडचं चाक बाहेरून बघितलं तर उलट दिशांना फिरतं. म्हणून लेथची तीच करामत एका बाजूला तेल आत ओढते आणि दुसऱ्या बाजूला बाहेर काढते. मग मालक म्हणतो, सील नकली निघालं. सील नकली असूही शकतं, बाजारात तसला माल आहे. पण इथे अस्सल सीलही हरलं असतं. अशी कॉलर शेवटी ग्राइंडिंग करूनच घ्यावी लागते, आणि घासताना दगड बाजूला न सरकवता सरळ आत न्यावा लागतो. नाहीतर नवी कॉलर बसवायची. पातळ पोलादी स्लीव्ह मिळते, ती खाचेवर चढवली तरी चालतं.

मालक : आता माझा खरा आक्षेप ऐका. तुम्ही मायक्रॉनची भाषा बोलता. या शहरात मायक्रॉनची भाषा नवी नाही. वाळूजला बजाजचा कारखाना 1985 पासून आहे, त्याच्याभोवती सुटे भाग करणारे शेकडो कारखाने उभे राहिले. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे. वाळूजमध्ये आणि जालन्यात बेअरिंगं बनतात. पण ती सगळी अचूकता नव्या गाडीसाठी आहे. त्या कारखान्यांचा माल मी माझ्या गाडीत घालून नेतो, आणि माझ्याच गाडीची एक कॉलर घासून घ्यायची तर मला त्या दारात कोण उभं करेल? त्यांना दहा हजार नग हवेत, माझा एक आहे. माझ्या वाट्याला येतो तो झिजलेला लेथ आणि घाईतला कारागीर.

आणि सरकार काय सांगतं? गाडी भंगारात द्या. 2021 मध्ये भंगार केंद्रांचे नियम आले. भंगाराचं प्रमाणपत्र दाखवलं तर नव्या मालवाहू गाडीच्या करात 15 टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. आठ वर्षांनंतर ट्रकला दरवर्षी फिटनेस, आणि 15 वर्षांवरच्या ट्रकच्या फिटनेसची फी एप्रिल 2022 मध्येच 12,500 रुपये केली होती. तुमचं सगळं बोलणं मला त्याच दिशेला ढकलतंय. जुनी गाडी नीट ठेवायला इतकं ज्ञान, इतकी अचूकता, इतका वेळ लागत असेल, तर सरळ म्हणा की गरिबाने जुनी गाडी ठेवूच नये.

मिस्त्री : ते मी म्हणणार नाही. उलट ट्रकचा मागचा अ‍ॅक्सल हा दुरुस्तीसाठीच घडवलेला भाग आहे. टेल्कोने 1954 मध्ये डाइमलर-बेंझबरोबर करार करून ट्रक बांधायला घेतले, 1969 मध्ये तो करार संपला, पण त्या काळापासून आजवर आपल्या जड ट्रकांच्या मागच्या चाकांची रचना मुळात एकच आहे. गाडीचं वजन हाउजिंगच्या नळीवर आणि हबच्या दोन बेअरिंगांवर असतं. आतला अ‍ॅक्सल शाफ्ट फक्त चाक फिरवतो, वजन उचलत नाही. म्हणून चाक जमिनीवर असताना नुसते बोल्ट काढून शाफ्ट बाहेर ओढता येतो. सील, कॉलर, बेअरिंग, पॅकिंग असा प्रत्येक भाग सुटा बदलतो. संगणक लागत नाही, कंपनीचं सॉफ्टवेअर लागत नाही. आयटीआयमधून मोटर मेकॅनिक होऊन आलेला पोरगा चांगल्या हाताखाली दोन पावसाळ्यांत हे शिकतो. वीस वर्षांची गाडी सुरक्षित असू शकते आणि पाच वर्षांची धोकादायक. वय हा मुद्दा नाही.

मुद्दा ब्रेकचा आहे, आणि त्याबद्दल आपण अजून बोललोच नाही. हे तेल जमिनीवर पडत असतं तर मी तुमच्याशी इतका वाद घातला नसता. ते ड्रममध्ये जातंय. 16 टनांची गाडी 100 मीटर उंचीवरून खाली उतरते तेव्हा जेवढी ऊर्जा ब्रेक आणि इंजिनाला मिळून शोषावी लागते, तेवढ्यात 50 लिटर पाणी उकळीला येईल. अहिल्यानगरकडे जाताना इमामपूरच्या घाटात तुमचे चारही ड्रम मिळून ते काम करतात. त्यातला एक तेलाने माखला तर त्याचा वाटा बाकीच्या तिघांवर पडतो. ते जास्त तापतात, तापले की त्यांचीही पकड कमी होते. आणि जोरात ब्रेक मारला तर मागून गाडी एका बाजूला ओढते.

मालक : ब्रेकचं मी हलक्यात घेत नाही. पण त्यावरही रस्त्यावरचा उपाय आहे. लायनर पेट्रोलने धुतात, काही जण पेटवून तेल जाळतात, सँडपेपर मारतात आणि पुन्हा बसवतात. वर्षानुवर्षं चाललंय. शिवाय मी घाटात फारसा जातच नाही. कन्नडचा घाट 2023 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने जड वाहनांना बंद झाला. समृद्धी महामार्गावर वेगाने पळायची माझ्या गाडीची ना ताकद ना इच्छा. माझी धाव जवळची, वेग कमी. घाटातल्या ट्रकचे नियम माझ्या गाडीला का लावता?

मिस्त्री : लायनर सच्छिद्र असतो. तेल त्यात नुसतं वर बसत नाही, आत मुरतं. धुतल्यावर वरचा थर कोरडा दिसतो. गाडी धावली, ड्रम तापला की आतलं तेल पुन्हा वर येतं, आणि ते नेमकं तेव्हा येतं जेव्हा तुम्हाला ब्रेकची सगळ्यात जास्त गरज असते. पेटवलं तर लायनरला बांधून ठेवणारी राळ जळते आणि तो ठिसूळ होतो. पेट्रोल घेऊन गॅरेजात आग लावून घेण्याचा धोका वेगळाच. तेल मुरलेला लायनर बदलायचा असतो, आणि तो दोन्ही बाजूंचा जोडीने बदलायचा असतो. नाहीतर एक बाजू नवी, एक जुनी, आणि ब्रेक पुन्हा असमान.

आणि जवळची धाव म्हणजे सोपी धाव नव्हे. घाटात ड्रायव्हर सावध असतो, खालच्या गिअरवर उतरतो. जालना रोडवर त्याला दर सिग्नलला थांबावं लागतं. वाळूजला शिफ्ट सुटते तेव्हा हजारो दुचाक्या एकदम रस्त्यावर येतात. तिथे तुमच्या पुढे कुणी अचानक ब्रेक मारला तर तुमच्याकडे काही मीटर असतात. तुमच्या मागे थेंब-थेंब सांडलेल्या तेलावरून दुचाकी घसरते ती तुम्हाला आरशातही दिसत नाही. त्या माणसाने तुमच्या सीलचा खर्च वाचवायला होकार दिलेला नाही.

मालक : मान्य. पण मग प्रश्न एवढाच राहतो की पैसे कुणी द्यायचे. तुम्ही माझ्याकडे बघून बोलता, कारण गाडी माझी आहे. पण ही गाडी गळते कशाने, त्यात माझ्याशिवाय इतरांचाही हात आहे. मागच्या चार टायरच्या अ‍ॅक्सलवर 2018 पूर्वी कायद्याची मर्यादा 10.2 टन होती, आणि माझी गाडी त्या काळातली आहे. प्रत्यक्षात या गाडीच्या मागच्या मालकांनी तिच्यावर काय काय चढवलं असेल ते देव जाणे. मलाही माल देणारा सांगतो, अजून थोडा टाका, नाहीतर दुसरी गाडी बघतो. तुम्हीच मागे म्हणाला होता की जास्त भाराने हाउजिंगची नळी किंचित वाकते, कॉलर मध्यातून सरकते आणि सीलचा ओठ एका बाजूला दबतो, दुसऱ्या बाजूला उघडा पडतो. म्हणजे गळतीची सुरुवात भाड्याच्या दरात आहे. भाडं ठरवताना डिझेल धरतात, टोल धरतात, हमाली धरतात. हब खोलून बघायचा दिवस कोणी धरत नाही. सुरक्षित ब्रेक सगळ्यांना हवाय, त्याचं बिल मात्र शेवटच्या मालकाच्या नावावर फाटतं.

आणखी एक सांगतो, राग मानू नका. तुमचाही यात हितसंबंध आहे. तुम्ही जितकं शोधाल तितकं तुमचं बिल वाढेल. मी तुमच्यावर विश्वास ठेवतो, पण प्रत्येक मालकाला असा मिस्त्री मिळत नाही.

मिस्त्री : राग कशाला? खरं आहे ते. पण उलटी बाजूही बघा. आमच्या धंद्यात सील बदलण्याचा दर ठरलेला आहे, हब खोलण्याचा आहे, ग्रीसिंगचा आहे. कारण शोधण्याचा दर नाही. मी अर्धा तास ब्रीदर, पातळी, बेअरिंगची ढिलाई, कॉलरची खाच बघितली आणि शेवटी सांगितलं की फक्त ब्रीदर साफ केला, तर गिऱ्हाईक म्हणतं, मग पैसे कशाचे? सील ठोकून दहा मिनिटांत गाडी सोडणाऱ्याला पूर्ण मजुरी मिळते. गिऱ्हाईक सुटा भाग बघून पैसे देतं, म्हणून मिस्त्री सुटा भाग बदलतो. छिन्नी-हातोडीने सील ठोकणारा मिस्त्री अडाणी असतोच असं नाही. सपाट रिंग लावून, सारखा दाब देऊन सील बसवायला जो वेळ लागतो त्याचे पैसे त्याला कोणी देत नाही. बेअरिंगचा नट आवळताना हब फिरवत राहायचं, मग नट थोडा मागे घ्यायचा, लॉक करायचं, ढिलाई पुन्हा बघायची. त्यात वेळ जातो. अंदाजाने आवळलं तर बेअरिंग तापतं, आणि ती उष्णता सीलचं रबर कडक करते. साधं नायट्राइल रबर साधारण 100 अंशांपर्यंतच टिकतं. ब्रेक चिकटून राहिला तरी तेच होतं. म्हणजे सील ब्रेक बिघडवतं आणि ब्रेक सील बिघडवतो, आणि घाईचं काम दोघांनाही बिघडवतं.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे : तपासाची मजुरी वेगळी द्या, काही बदललं नाही तरी द्या. मग माझा फायदा आणि तुमचा फायदा एकाच बाजूला येतील.

मालक : हे मला पटतं. तपासाची मजुरी मी द्यायला तयार आहे, पण एका अटीवर. काय सापडलं ते वहीत लिहून द्या : कुठली कॉलर, कधी बदलली, खाच होती की नाही, बेअरिंगची स्थिती काय, ब्रीदर कसा होता. माझ्या गाडीला इतिहास नाही, हेच तिचं खरं म्हातारपण आहे. आधीच्या मालकांनी काय केलं ते कागदावर असतं तर आज आपण अंदाज बांधत बसलो नसतो. गाडी विकताना नव्या मालकाला ही वही द्यायची. मग तपासाचा खर्च एका खेपेचा राहत नाही, गाडीच्या किमतीत जमा होतो.

पण एक शंका उरतेच. गॅरेजात उभं राहून नियम करणं सोपं असतं. मोसंबी भरलेली आहे, रात्रीचे दोन वाजलेत, उन्हाळ्याचे दिवस आहेत, गाडी ढाब्यावर उभी आहे आणि ड्रायव्हरला चाकामागे तेल दिसलं. सकाळपर्यंत थांबलं तर माल उतरतो, भाव जातो, व्यापारी पुढच्या वेळी बोलावत नाही. त्या ड्रायव्हरला तुमचा कुठला नियम सांगू? आणि तो पाळला म्हणून झालेलं नुकसान कुणाच्या नावावर टाकू?

मिस्त्री : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. ते गॅरेजात सापडणारही नाही. माल देणारे, ट्रान्सपोर्टवाले आणि गाडीमालक एकत्र बसून भाड्यात देखभालीचा वाटा धरतील तेव्हा ते मिळेल. तोपर्यंत नुकसान तुमच्याच नावावर पडणार, आणि ते अन्यायाचं आहे, हे मी कबूल करतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र देतो. सगळी गळती सारखी नाही, म्हणून सगळ्या गळतीला एकच नियम लावू नका. डिफरन्शियलच्या तोंडाशी, पिनियनच्या सीलमधून तेल झिरपतंय, पातळी टिकून आहे, तर खेप पुरी करा आणि आल्यावर या. हाउजिंगच्या जोडावर ओल दिसते, तर लक्ष ठेवा. तिथे तुमचा दिवस आणि माझा तपास यांच्यात घासाघीस होऊ शकते, आणि कित्येकदा तुमचंच बरोबर असेल. पण चाकाच्या आतून तेल येतंय, ड्रमच्या कडेला ओल आहे, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते किंवा चाकातून जळका वास येतो, तर ती गाडी भरलेली असो की रिकामी, मोसंबीची असो की सळईची, तिथेच थांबवायची. मिस्त्रीला तिथे बोलवा, माल दुसऱ्या गाडीत घाला, भांडण नंतर करा.

मालक : म्हणजे आज माझी गाडी उद्याच्या मालाला जात नाही.

मिस्त्री : आज नाही. डावा हब खोलू, दोन्ही सील बघू, कॉलर बदलू, लायनर दोन्ही बाजूंचे बदलू, आणि जे सापडेल ते वहीत लिहू. वाळूजला फोन करून एक दिवस मागून घ्या. आणि ड्रायव्हरला सांगून ठेवा : रोज गाडी काढण्याआधी दोन्ही मागच्या चाकांच्या आत ड्रमच्या खालच्या कडेवरून बोट फिरवायचं. बोट कोरडं असेल तर निघायचं. बोटाला तेल लागलं तर चावी मालकाच्या हातात द्यायची.